शेरा

विटाव्यात पाणी शिरून चौथा दिवस.
शाळेच्या सात वर्गांत एकशे बारा कुटुंबं,
आणि रात्री अकरानंतर मोजलं
तर बायका चाळीसच.
बाकीच्या अंधार पडला की उठायच्या,
ओल्या घरात परत, विटांवर खाट चढवून झोपायच्या.
आम्ही तक्त्यात भरलं: चोरीची भीती.
दोनशे कुलपं मागवली.

कारखानीस बाई चरईत राहतात.
वय एक्क्याऐंशी. मोडी वाचतात मेथी निवडावी तशी,
काडी इकडे, पान तिकडे.
प्लेगच्या सालातल्या एका छावणीची वही आहे त्यांच्याकडे,
म्हणजे वहीची झेरॉक्स.
खाडीकाठच्या झोपड्या, नंबरवार.
नाव, माणसे, दाणे किती शेर,
आणि कडेला बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.

बहुतेक कोराच.
झोपडी एकतीस ते छत्तीससमोर मात्र
कुण्या कारकुनानं मुंगीएवढ्या अक्षरात घातलंय:
बायका रात्रीस राहत नाहीत. सबब विचारता
संडासाकडे
पुढे कसर लागलेली.
मग एकदम, दुसऱ्या हातचं, दुसऱ्या शाईतलं:
खर्च नामंजूर.

काय असेल हो मध्ये? दिवा?
बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.
त्या जागी पेन्सिलीनं त्यांची तीन टिंबं होती.
‘कसरीनं खाल्लं ते मी कुठून आणू?
आणि तुमच्या बायका तर जिवंत आहेत ना?’

तरी मी दिवेच नेले.
बारा सौरदिवे, देणगीदाराच्या नावासकट.
कौसाबाई खिल्लारे, जालन्याकडची, सेंट्रिंगच्या कामावरची,
दिवा उलटासुलटा करून बघत हसली.
‘उजेड हाय की, भाऊ.
उजेडात तर समदं दिसतंय.
दाराला कडी न्हाई. आतून.’

चार संडास.
कळव्याच्या हार्डवेअरवाल्याकडे चार कड्या,
स्क्रू वेगळे, पेचकस उसना.
एकशे ऐंशी रुपये.

त्या रात्री मोजल्या: एक्काहत्तर.
सगळ्या नाहीत.
उरलेल्यांना काय नाही, कोण नको,
ते विचारायचं राहिलंच होतं
आणि पाणी ओसरलं.

कुलपं गोदामात आहेत अजून,
किल्ल्या सुतळीत ओवलेल्या.

आमच्या छापील फॉर्मात अकरा रकाने.
आधार, मोबाईल, नगांची संख्या, अंगठा.
शेरा नाही.
जागाही नव्हती. पट्टी लावून समासातच एक ओढला,
थोडा वाकडा आला.
बॉलपेननं, ठसठशीत,
कसरीला चावायला जड जाईल असं लिहिलं:
कडी. आतून. चार नग.

आणि खाली, त्या कारकुनाला उशिरा का होईना
उत्तर द्यायचं म्हणून,
मंजूर.