खुर्च्या किती

रफीक मुकादमचा चौथा फोन:
बाई, खुर्च्या किती पाठवू?
मी म्हटलं, थांब, मीटिंग चालू आहे.

मीटिंग म्हणजे आम्ही तिघं, रेवदंड्याला, माझ्याच पडवीत.
अध्यक्ष सिमसन किहीमकर,
खजिनदार एझ्रा पेझारकर, ज्यांचं कानाचं यंत्र
दुरुस्तीला पनवेलला गेलंय,
आणि मी चिटणीस, येरुशा थळकर,
जिने थळ फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलंय.
आमच्या आडनावांना अजून गावं आहेत.
गावांना आडनावं आठवत नाहीत,
त्यात गावांचा काय दोष.

विषय पहिला, संमेलनाची तारीख.
शनिवार नाही. शनिवारी घाणा बंद ठेवला
म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या शनवार तेली म्हणवून घेतलं,
आता काय मंडपासाठी मोडायचा?
रविवारी मैदानावर कोळीवाड्याचे सामने,
भोंग्यावर समालोचन, मालिकावीराला बोकड.
सिमसनकाका म्हणाले, आपल्या भाषणांपेक्षा तेच ऐकू येईल.
एझ्राकाका म्हणाले, काय?
सोमवार ठरला.

विषय दुसरा, जेवण.
अश्दोदहून मोझेल अष्टमकरने कळवलंय:
नातवंडांना तिखट सोसत नाही,
पण पोपटी हवीच, वालाच्या शेंगांची,
आणि मडक्यात भांबुर्डीचा पाला खराखुरा.
मलिद्याला पोहे सात किलो, नारळ तीस.
नारळ खवणार कोण?
मशिदीच्या ओट्यावर अकरा विळ्या मांडून बायका बसायच्या
(आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो,
रफीकला याची फार मजा वाटते).
आता एक माझा उजवा खांदा
आणि शेजारची कमळी नाखवा.
ती म्हणाली, मी येते की, तुमच्यात चालत असलं तर.
इतिवृत्तात लिहिलं: चालतं.

विषय तिसरा, दहा पुरुष.
प्रार्थनेला दहा लागतात.
इथे चार, आणि पाचवा अंथरुणावर.
बाकीचे आकाशातून येणार.
विमानाला उशीर झाला
तर देवाला थांबावं लागेल, त्याला सवय आहे.

विषय चौथा, घाणा.
पाहुण्यांना दाखवायला पूर्वजांचा घाणा हवा,
असं गेल्या वर्षी एकमताने ठरलं होतं.
मी शोधला. नागावच्या एका रिसॉर्टात,
पोहण्याच्या तलावाशेजारी,
उखळीत माती भरून क्रोटन लावलेला.
मॅनेजर पोरगा गुणी. म्हणाला,
दिवसाचं भाडं पंधराशे, टेम्पो तुमचा,
झाड तेवढं जपा.
मग विचारलं, कशाचं तेल काढायचे यात? गिऱ्हाइकं विचारतात.
तिळाचं, मी म्हटलं.
मग म्हटलं, खोबऱ्याचंही असेल.
मला कुठे माहीत, माझे वडील पोस्टात होते.
तो फोनवर बोलायला वळला तेव्हा
मी वाकून दगडाचा वास घेतला.
क्लोरीनचा आला.
पंधराशे मंजूर. सही करताना काकांचं पेन चालेना,
माझं घेतलं, परत दिलं नाही.

आयत्या वेळचा विषय.
मोझेलच्या भाच्याचा मुलगा, नोआम किहीमकर, वय नऊ,
त्याने विचारलंय: किहीम हे कुणाचं नाव होतं?
त्याला तिथे न्यायचं, हे ठरलं.
नेऊन काय दाखवायचं,
ते पुढच्या मीटिंगला.

पाचवा फोन.
गेल्या वर्षी मांडल्या साठ, आले बावीस.
मी म्हणणार होते, तीस पाठव.
तेवढ्यात एझ्राकाका, ज्यांना दोन तासांत
एक अक्षर ऐकू आलं नव्हतं,
मोठ्याने म्हणाले, साठ.
साठच सांग. सोमवारी सामने नसतात,
कमळीच्या घरचे बसतील.

ऐकलं, रफीक म्हणाला पलीकडून.
टेम्पो नागाववरूनच येतोय,
तो तुमचा दगडही घेऊ का?