उलट्या तारा

दिवाळीचा बोनस घालून नवे पिकअप बसवले
आणि गिटार बोलली
बंद दाराआडून कुणी कुजबुजावं तशी.

मल्टिमीटर म्हणाला साडेसात किलोओहम, दोन्ही धडधाकट.
मानेजवळचा एकटा वाजवला तर भरदार,
ब्रिजजवळचा एकटा, धार लावल्यासारखा.
स्विच मधोमध आणला की
आयत्या वेळी पाहुणे आल्यावरची आमटी.

उंची वाढवली. पॉट बदलला. केबलला शिव्या दिल्या.
गुरुवार होता, कोथरूडची वीज गेली,
नाहीतर अ‍ॅम्पही खोलला असता.

तपकीर गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
शेडगेमामांनी जुना काट्याचा मीटर काढला,
स्क्रूड्रायव्हर पिकअपला टेकवून झटकन उचलला.
काटा उजवीकडे.
दुसऱ्याला टेकवून उचलला.
डावीकडे.
"हा ढकलतो, तो ओढतो.
आवाज गेला कुठे नाही,
भांडणात खर्च होतोय."

एकाच्या दोन तारा उलटसुलट केल्या,
कथलाचा धूर फुंकरीनं बाजूला सारला,
चाळीस रुपये, सुट्टे.

रात्री स्विच मधोमध ठेवून
जाड तार एकदाच छेडली.
खिडकीची काच झणाणली,
खालच्या चिपळूणकरांनी छताला काठी ठोकली, दोनदा.

इतकं बरं वाटलं
की पुन्हा छेडली.