गार कुठं जातं

एर्मोसिओत ऑगस्टमध्ये सावलीलाही घाम येतो.
डॉन एलेउतेरिओ आले तेव्हा चारही काचा खाली,
मागच्या सीटवर बहीण, मानेभोवती टॉवेल,
दवाखान्याच्या नळाखाली भिजवलेला,
तीन सिग्नलांत वाळलेला.
ब्याण्णवची टोपाझ. रंग एकेकाळी मरून.
"गॅस भर," म्हणाले, "दर मे महिन्यात भरतो.
गाडीच पिते तो."

गॅस कुणी पीत नाही, डॉन, मी म्हटलं.
तो फिरत राहतो. गळला तरच जातो.
"तू काय फाउस्तिनोपेक्षा शहाणी?"

फाउस्तिनो म्हणजे कोपऱ्यावरचा.
तीन उन्हाळे डबे ओततोय,
कॉम्प्रेसर बदलला, ड्रायर बदलला,
कंडेन्सरमधले किडे धुऊन काढले
(तेवढं मात्र बरं केलं).
दुखणं म्हशीला नि डाग पखालीला.

गेज लावले. दोन्ही काटे नको तितके वर,
पोट भरल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तसा गॅस.
जास्तीचा काढला, तोलून बेताचा ठेवला.
क्लच टक् करून बसला.
पाइपला हात लावला तर
बर्फातून काढलेली बाटली, वर घामाचे मणी.
दिवा धरून सांधे पाहिले, एकूणएक कोरडे.
आणि आत, जाळीतून, तोंडावर
तव्यावरची वाफ.

बोनेटवर कोपर टेकून उभी राहिले.
बावीस वर्षं हे काम करतेय.
अशा वेळी काय करायचं, कुणी शिकवलं नाही.
बघत राहायचं, इतकंच.

माझी कुत्री, तुएर्का,
गॅरेजभर जागा हुंगत हिंडली
आणि जाऊन पडली टोपाझच्या पोटाखाली,
उजव्या चाकामागे, जिथं
थेंब.
थेंब.
पाण्याचं एवढंसं थारोळं, त्यात तिची हनुवटी.

म्हणजे गार होत होतं!
तीन उन्हाळे, रोज,
डॅशबोर्डामागे, माणसांपासून वीतभर आत होत होतं,
आणि बाहेर पडता पडता
हीटरच्या उकाड्यात विरून जात होतं.

ग्लोव्ह बॉक्स उतरवला.
पाय सीटवर, डोकं पेडलपाशी, दातांत टॉर्च.
केबल सापडली. तिची क्लिप, नखाएवढी, तुटलेली.
वर कळ निळ्यावर,
आत झडप लालवर.

तारेचा तुकडा वळवून अडकवला.
"किती?"
ऐंशी पेसो.
हजारांना कधी कुरकुरले नव्हते, ऐंशीला चिडले.
"एवढंच होतं?"
फाउस्तिनोची बिलं त्यांनी ग्लोव्ह बॉक्सात
रबर लावून जपली होती.
मी ती होती तशी आत ठेवली,
काही बोलले नाही.

काचा वर गेल्या. गाडी मात्र हलेना,
दारातच घुरघुरत उभी, दहा मिनिटं.
मग मागची काच बोटभर खाली आली.
टॉवेल मांडीवर, घडी घातलेला.
"एलेउतेरिओ," बहीण म्हणाली,
"निघताना शाल घ्यायला सांगितलं असतंस तर."

ते गेले.
ओलं पाच मिनिटांत उडालं.
तुएर्का अजून तिथंच आहे,
कोरड्या फरशीवर हनुवटी टेकून,
आणि माझ्याकडे बघतेय,
जणू नळ मीच बंद केला.