मागची तारीख

सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात, मे महिना,
कूलरची खस वाळून कोळ झालेली.
घरडे साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.
"हे पत्र एकतीस मार्चचं दिसाले पाहिजे बाप्पा.
होते ना?"
होते.

काळ्या खिडकीत मी लिहिलं : टच,
डॅश टी, मग वर्ष, महिना, दिवस,
दुपारचे चार बावन्न.
(पाचनंतर इथे कोण काम करते, हे त्यांनीच सुचवलं.)
एन्टर.
फाइलने हूं की चूं केलं नाही,
दीड महिना मागे जाऊन बसली,
उशिरा आलेली पोर
मागच्या बाकावर बसते तशी.

साहेब खूश. तर्री पोहे मागवले,
वर चणे जास्त.
"काय नाव म्हणे ह्या कमांडचं?"
टच. म्हणजे हात लावणं.
"बस? नुसता हात लावला?"
नुसता.

सांगितलं नाही ते एवढंच
की फाइलला तारखा तीन असतात.
वाचल्याची आणि लिहिल्याची माझ्या म्हणण्यात आहेत.
तिसरी या कमांडला बधत नाही.
हात कधी लागला, तेवढं टिपून गप्प राहते :
चौदा मे, तीन वाजून अकरा मिनिटं,
वर सेकंदसुद्धा.
विचारलं तर सांगते.
अजून कोणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी झिरो माइलच्या सिग्नलला थांबलो,
इथून म्हणे अंतरं मोजायचे.
हेल्मेटच्या आत गरम वारा.
हँडलवर बोटं,
दोनदा साबण लावूनही
तर्रीचा वास.