उष्टा राजा

थुंकीसारखं दुसरं काही नाही.
स्पिरिट घाई करतं, साबणाचा भरवसा नाही,
पण बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून
जिभेला टेकवला, गालावर हलकेच फिरवला,
की कापूस तपकिरी होतो
आणि नखाएवढा राजा उजळतो.

आई एकदा प्रभात रोडच्या खोलीवर आली, तिनं पाहिलं.
"अगं, राजाला उष्टं लावतेस?"
मग चष्मा पुसत,
"तुझं ओघळलेलं काजळ मी असंच पुसायचे,
पदराच्या टोकाला थुंकी लावून.
तू किंचाळायचीस."
राजा किंचाळत नाही.

कुठला राजा, ते रोडाबाई चिनॉयना ठाऊक नाही.
त्यांच्या पप्पांनी लिलावात घेतला, फ्रेम आवडली म्हणून.
कॅम्पातल्या घरी जेवणाच्या टेबलासमोर
साठ वर्षं हा बसून. सगळे त्याला जमाई म्हणतात:
बसतो, बघतो, करत काही नाही.
रोज संध्याकाळी फिरलेल्या लोबानाचा धूर
त्याच्या कॉलरच्या लेसमध्ये शिरलाय.
काडी फिरवते तेव्हा वास येतो,
परक्या घरात वाकून पाहिल्यासारखं होतं.

डाव्या हातमोज्यात काहीतरी बरोबर नव्हतं.
रंग जाड, बोटं फार शहाणी.
म्हणून एका रात्री, पेशंट संपल्यावर,
टेम्पोत गादीवर निजवून त्याला नेला
नळ स्टॉपजवळच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये.
तुळशीराम बावीस वर्षं बरगड्या आणि गुडघे काढतोय.
कॅनव्हास टेबलावर ठेवला, दाराआड गेला
आणि सवयीनं ओरडला, "श्वास रोखा!"
आम्ही दोघं हसलो.
राजानं रोखलेलाच होता, साडेतीनशे वर्षं.

शिशाचा पांढरा फिल्मवर हाडासारखा उमटतो.
हातमोज्याच्या आत हात होता. उघडा.
सुजलेले सांधे, अंगठ्याचं नख उभं चिरलेलं.
राजे चेहऱ्यापुरते बसत, तासभर, तोही उपकार.
बाकीचं सगळं, मखमल, फर, तलवारीवर टेकलेली बोटं,
यासाठी चितारी हाताशी असेल त्याला बसवायचा
राजाचा झगा घालून.
त्यानं दिसलं ते आधी रंगवलं.
मग, का कोण जाणे, मोजा चढवला.

तुळशीरामनं फिल्म दिव्यासमोर धरली.
"मॅडम, हा रोज गार पाण्यात कपडे पिळणारा.
असे हात आपल्याकडे सोमवारी येतात."

मला तो मोकळा करता येत नाही.
मोजा नंतरच्या कुणाचा नाही, त्याच चिताऱ्याचा;
वरच्या आणि खालच्या रंगातून भेग एकच गेलीय.
आमच्या धंद्यात लपवलेलंसुद्धा मूळचं असेल
तर त्याला हात लावायचा नाही.

रोडाबाई आल्या, चेहरा पाहून खूश.
"अरे, जमाई तर गोरा निघाला!"
मग खाली बघत, "आणि हे असंच राहणार?"
"मोजा आहे, बाई. असाच असतो."
फिल्म मी दिली नाही. खिडकीच्या काचेला चिकटवलीय.
दुपारी चारला टेकडीकडचं ऊन येतं
तेव्हा तो हात उन्हाचा होतो
आणि माझ्या टेबलावर,
मळक्या कापसाच्या ढिगाशेजारी, पसरतो.

बिलात लिहिलं: साफसफाई, कापूस, काड्या, टेम्पो.
थुंकीचे लावले नाहीत.