ग्राव

वही एकच.
पुढून माझी : स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट. किलोत.
मागून, उलटी धरून, बाबांची :
किती कळशा निरो, किती भाणं चढली,
उतरलं त्याचे ग्राव.
हुर्राक पंधरा. फेणी एकोणीस, कधी वीस.
वाळपईच्या बाजारात तीस रुपयांना घेतलेली,
दोन्ही टोकांनी भरत येणारी वही.

मार्च ते मे आमच्या घराला
माणसांचा वास येत नाही, बोंडांचा येतो.
पहाटे मी कोळंबीत उतरतो,
तासभर तुडवतो, पोटऱ्यांपर्यंत चिकट.
कायतान म्हणतो, झाला तुझा वॉर्मअप.

कायतानची जिम हार्डवेअरच्या दुकानावर.
खाली खिळे किलोनं, वर आम्ही.
तडकलेला आरसा, गंजलेला बार,
भिंतीवर त्याच्या हातचं :
चपला बाहेर. बहाणेसुद्धा.

पावडरचा डबा मी म्हापशाहून आणला,
साडेतीन हजार, दोन महिन्यांची हमाली.
आधी चॉकलेट, मग जिभेवर खडू.
क्रिएटिन वेगळं, मिठासारखं पांढरं,
त्याला पाणी लागतं, भरपूर,
ते स्नायूंत पाणी ओढून नेतं म्हणे.
आणि शनिवारी रात्री त्याच शेकरमध्ये
हुर्राक, लिंबाचा सोडा, उभी चिरलेली मिरची.
आतली स्प्रिंग खुळखुळते
दोन्ही वेळा सारखीच.

एका विहिरीवर दोघं :
एक घागर घागर ओततोय,
दुसरा पंप लावून बसलाय.

शनिवारची उरलेली रविवारी.
मी झोपतो, पण छाती जागी असते,
कुणाच्या तरी मागे पळत असते.
चार वाजता जिभेचं चामडं.
शरीर म्हणे रात्री दुरुस्त्या करतं;
माझे गवंडी आले असतील,
दार वाजवून परत गेले असतील.
सोमवारी बार तोच,
प्लेटा त्याच, मीच मोजून चढवलेल्या,
पण रात्रीत त्यांना
जमिनीखाली मुळं फुटलेली.

कायतान ओरडला नाही.
त्यानं वही मागितली, लाल पेन घेतलं
आणि नुसते सोमवार गोल केले.
शुक्रवार १३०. सोमवार ११५.
शुक्रवार १३२. सोमवार ११५.
शुक्रवार १३५.
सोमवार, पाठ दुखते, नाही उचललं.
वही परत देताना म्हणाला,
डब्याचे पैसे तू भरतोस रे,
खातो कोण?

मी वही उलटी केली, उगाच,
त्याच्याकडे बघायला नको म्हणून.
मागे बाबांचे आकडे, एकाखाली एक,
एकही वाकडा नाही.

बाबा बाटली हलवतात, उजेडाला धरतात,
वर मणी जमतात, किती वेळ टिकतात ते बघतात
आणि सांगतात, अठरा.
मीटर बुडवा. अठरा.
चाळीस वर्षं त्या धगीपाशी,
आणि ओठाला थेंब नाही.
मी एकदा विचारलं, का हो?
लाकूड आत सारत म्हणाले,
मोजणाऱ्यानं पिऊ नये.
माप हलतं.

म्हणून मी सोडली असं समजू नका.
दोन शनिवार गेलो नाही.
तिसऱ्या शनिवारी दिगंबरची बहीण पास झाली,
गेलो.
त्या सोमवारी १२०.
गोल मीच केला.

आता मे सरत आलाय, भाण पालथं पडलंय.
वहीत मध्ये एकच पान कोरं.
त्याच्या एका बाजूला बाबांचा शेवटचा एकोणीस,
दुसऱ्या बाजूला माझा गुरुवार.
वही मिटली की सगळे आकडे
एकमेकांवर डोकं खाली करून झोपतात.
बाबा म्हणतात, तू घे ते पान,
माझा सीझन संपला.

आज शनिवार.
शेकर धुऊन उपडा घातलाय ओट्यावर.
तरी वास येतो त्याला,
चॉकलेटचा की बोंडांचा,
मला ओळखता येत नाही.