खळ

नाव भुजंगानं काढलं, सायकलची उतरलेली चेन चढवता चढवता.
खळ. कणकेची, पुस्तकं डकवायची.
कुशावर्ता म्हणाली, खळ म्हणजे दुष्टसुद्धा.
रुक्नोद्दीन म्हणाला, झडीच्या मधी पाऊस थांबला
तरी म्हणतेत ना, खळ घेतला.
मी म्हणालो, मग बसतंय.
चिकटू, छळू, आणि मधूनमधून बंद पडू.

शाळेचं सायक्लोस्टाईल रविवारी रिकामं असायचं
आणि भुजंग शाळेचा शिपाई.
हेडमास्तरांना ठाऊक होतं. सोमवारी ते
शाईचा डबा उचलायचे, हातावर तोलायचे,
खाली ठेवायचे,
आणि भुजंगाला चहा आणायला पाठवायचे.

कागद पाठकोरे. सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका.
माझी पहिली छापील कविता उलटली की यायचं:
दुधना नदी नकाशात दाखवा.
कोणतेही चार सोडवा.
माझ्या मामानं तेवढीच बाजू वाचली,
म्हणाला, सोपं आहे की.

तेव्हा सेलूत जिनिंगा रात्रंदिवस चालू.
खिडकी लावली तर शाईच्या वासानं डोकं उठायचं,
उघडली तर कापूस आत यायचा
आणि ओल्या ओळींवर बसायचा.
काढायला गेलं की अक्षर सोबत निघायचं.
राहू दिला.
पहिल्या अंकाला बारीक लव होती,
वासराच्या कानासारखी.

रुक्नोद्दीनचे अब्बा बाइंडर. दुकानाच्या पायरीवरून
आमची खळ बघत बसायचे, बोलायचे नाहीत.
दुसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले,
मोरचूद टाका चिमूटभर,
नाहीतर तुमच्या आधी झुरळं वाचून काढतील.
टाकलं. बोटं आठवडाभर निळसर.
कुशावर्ता टेलिफोन एक्स्चेंजात कामाला,
साहेब म्हणाले, बाई, हे काय लागलंय?
ती म्हणाली, साहित्य.

चौसष्ट प्रती. एकोणीस खपल्या,
त्यातल्या सात भुजंगाच्या बहिणीनं घेतल्या.
उरलेल्यांचं काय करू लागले हे लोक, म्हणून
आई दारात उभी, कणकेचा डबा घेऊन, अर्धा.
आम्ही स्टेशनावर गेलो.
मुदखेडकडं जाणारी पॅसेंजर दोन मिनिटं थांबते.
चौघं चार डब्यांशी, दिसेल त्या खिडकीतून आत.
कुणी घेतला, कुणी म्हणालं, पॅम्प्लेट नको,
एका म्हातारीनं त्यावर पेरू ठेवले, नीट, मोजून.

अडीच महिन्यांनी पोस्टकार्ड.
लिंबगावहून. नागोराव पेंडकर, गँगमन.
अक्षर मोठं, रूळ टाकल्यासारखं सरळ.

*संपादकास रामराम. माझ्या अंकात पान सात दोनदा
आलेले आहे. आठ नाही. गोष्टीतली बाई
विहिरीत दोर सोडून उभी आहे. मी तिला
चार वेळा तिथपर्यंत नेले. पुढे काय झाले
ते कळवावे. घाई नाही.*

आम्ही अंक शोधले. खिडक्यांतून गेले होते सगळे.
बहिणीकडच्या सात प्रतींना पोरांनी पतंग केलेले.
स्टेन्सिल पान सातचं होतं,
आठचं भुजंगानं पुसून बरणीच्या तोंडाला बांधलेलं,
लोणच्यात अक्षरं उतरलेली.
आणि कुशावर्ताला आठवेना.
म्हणजे बाई आठवत होती, दोर आठवत होता.
काय निघालं वर, ते नाही.

मी म्हणालो, काहीही लिही, त्याला काय कळतंय.
ती माझ्याकडं बघत राहिली,
खळीत गुठळी सापडल्यावर अब्बा बघतात तसं.

रात्रपाळी तिची. तारा जोडता जोडता
लिहिलं म्हणे, परभणी आणि मानवतच्या कॉलांमध्ये,
हातानं, एकच पान, एकाच माणसासाठी.
सकाळी पाकीट बंद करूनच आली.
रुक्नोद्दीननं खळ पुढं केली, तर
नको, भातानं डकवलंय.

आम्ही संपादक होतो. तिघंही.
डब्याशी उभं राहून विचारलं, निदान बाई तरी
जिवंत आहे का?
तिनं पाकीट आत सोडलं,
आत पडल्याचा आवाज ऐकला,
आणि म्हणाली, अंक दोनला कागद किती लागेल?